जुलैच्या रात्री त्या घरात कोण असेल?

पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या आहेत, पाचपाखाडीत राहतात आणि बँकेतून त्यांनी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. त्यांच्या माहेरचं घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात, भरतीच्या रेषेपासून सव्वाशे मीटरवर आहे. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, ओटी, माजघर आणि मागे पोफळीची वाडी. वडील नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून घर बंदच आहे. निसर्ग चक्रीवादळात अर्धी कौलं उडाली आणि निम्मी वाडी झोपली. उघड्या पडलेल्या बाजूवर पत्रे टाकले आहेत, बाकीचं छप्पर गळतं आणि वाशांना वाळवी लागली आहे.

नवी मुंबईतल्या एका इंटिरियर डिझायनरने त्यांना आराखडा करून दिला आहे. पुढची भिंत ठेवायची, मागचं पाडायचं, वर एक मजला चढवायचा, चार बेडरूम काढायच्या, वाडीच्या जागी पोहण्याचा तलाव बांधायचा आणि अख्खा बंगला पर्यटकांना भाड्याने द्यायचा. खर्च ९० लाख. त्यातले ३० लाख निवृत्तीचे, उरलेले ६० लाख राहता फ्लॅट तारण ठेवून उभे करायचे. रात्रीला १५,००० रुपये आणि महिन्याला वीस रात्री, असा हिशोब आहे. पुण्याचा धाकटा भाऊ आधी 'विकून टाकू' म्हणत होता. आता म्हणतो, 'तुला हवं ते कर, मला त्यात ओढू नकोस.' ७८ वर्षांची आई ताईंकडेच असते. तिचं म्हणणं, 'घर दुरुस्त करा, पण परक्यांना देऊ नका. शिमग्याला पालखी येईल तेव्हा आपलं दार उघडं हवं.' ताईंचे प्रश्न दोन: आईची समजूत कशी घालू? आणि कर्जाचं धाडस करू का?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तलावाच्या तळाला कुठल्या निळ्या रंगाच्या फरश्या लावायच्या, हेसुद्धा तुम्ही ठरवलं आहे. जुलैतल्या एखाद्या रात्री, वीज गेलेली आणि वारा सुटलेला असताना त्या घरात कोण असेल, हे मात्र पत्रात कुठे सापडलं नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला या न विचारलेल्या प्रश्नात दिसतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घराची ही दशा वादळाने केली, असं तुम्ही लिहिता. ३ जून २०२० ची ती दुपार रायगडच्या किनाऱ्यावर कोणी विसरलेलं नाही. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा आला आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पण तुमच्या शेजारच्या घराचीही कौलं त्या दिवशी उडालीच होती ना? ते घर आज उभं आहे. तिथे माणसं राहत होती. त्यांनी मिळतील ती कौलं, ताडपत्र्या, झापं टाकून पहिल्या आठवड्यातच डोक्यावर आडोसा केला. तुमच्या घरावर पत्रे पडायला दिवाळी उजाडली, हे तुम्हीच लिहिलं आहे. मधले चार महिने पावसाचं पाणी आढ्यावरून वाशांत आणि वाशांतून भिंतींत मुरत राहिलं. वाळवी त्यानंतर आली.

कोकणातलं घर दर वर्षी हात मागतं. मे महिन्यात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, समुद्राच्या अंगाला झड, म्हणजे पाऊस अडवणारा झापांचा आडोसा, बांधायची. रोज चूल पेटायची, तेव्हा तिचा धूर वाशांना लागून लाकडाची कीड दूर ठेवायचा. दारं-खिडक्या रोज उघडायच्या म्हणून भिंती कोरड्या राहायच्या. तुमच्या वडिलांच्या पश्चात या गोष्टी थांबल्या, आणि ९० लाख ओतले तरी त्या आपोआप सुरू होणार नाहीत. उलट बंगल्याचे लाड जास्त. खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी गंजून झडते, कुलपं धरतात, पंप बिघडतो, तलावाचं पाणी दोन दिवस दुर्लक्ष झालं की हिरवं पडतं. पाचपाखाडीत बसून फोनवर हे सांभाळता येत नाही. ठाणे-बेलापूर रस्ता, पळस्पे, पेण, वडखळ, माणगाव, म्हसळा एवढं अंतर कापून तुम्ही दर शुक्रवारी जाल म्हणता. पहिल्या वर्षी जाल. मला काळजी तिसऱ्या वर्षाची वाटते.

आता आकड्यांकडे येऊ. तुम्ही बँकेत आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे हा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. पण स्वतःच्या घराचा हिशोब मांडताना आपण सगळेच थोडे हळवे होतो. महिन्याला वीस रात्री म्हणजे वर्षाच्या २४०. पावसाळ्याचे चार महिने बाजूला काढा. हौशी माणसं तेव्हाही येतात, पण समुद्र खवळलेला असतो, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, आणि त्यांच्या भरवशावर हप्ता ठेवता येत नाही. उरतात ३५ आठवडे. आठवड्याच्या मधल्या वारी श्रीवर्धनला जाणारं कुटुंब विरळा, म्हणून शुक्रवार-शनिवार धरले तर ७० रात्री. त्यात दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीच्या तीस मिळवल्या की झाल्या शंभर, त्याही एकही रिकामी गेली नाही तर. नव्या जागेला पहिल्या दोन वर्षांत ७० रात्री मिळाल्या तरी मी चांगलं म्हणेन. ७० रात्रींचे १५,००० प्रमाणे साडेदहा लाख होतात. त्यातून बुकिंगच्या ॲपचं कमिशन, दोन माणसांचा बारमाही पगार, चादरींची धुलाई, वीज, तलावाची औषधं आणि किरकोळ दुरुस्ती मिळून पाच लाख वजा करा. हातात राहतात साडेपाच. आणि ६० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला साडेचौसष्ट हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला पावणेआठ लाख. दर वर्षी सव्वादोन लाख घरातून घालावे लागतील, आणि तुमचे यजमान चार वर्षांत निवृत्त होत आहेत.

शिवाय १५,००० च्या भाड्यावर पाहुण्याला १८ टक्के जीएसटी पडतो. दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर दर ५ टक्के आहे. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली राहिली तर तुम्हाला स्वतः नोंदणी करावी लागणार नाही, पण ॲपवरून बुकिंग झालं की ॲपवाले तो कर पाहुण्याकडून घेऊन भरतातच. म्हणजे तुमचे १५,००० पाहुण्याला १७,७०० ला पडतात, आणि त्या पैशांत त्याच्यासमोर अलिबागचेही पर्याय असतात, जे मुंबईहून कितीतरी जवळ आहेत.

म्हणून कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात तुम्ही राहता, ज्यात आई राहते, ते घर ज्या घरात कोणी राहत नाही त्याच्यासाठी तारण ठेवू नका. बाकीच्या बाबतीत मी सल्ला देते आहे. या एका बाबतीत विनंती करते.

डिझायनरने सांगितलेलं एक वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं दिलं आहे: 'ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणला की झालं.' तसं ते नाही. किनाऱ्यावरच्या बांधकामाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, ज्याला आपण सगळे सीआरझेड म्हणतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या दाट भागात उच्चतम भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि बाकीच्या विरळ भागात २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र. तुमचं घर सव्वाशे मीटरवर आहे. गाव विरळ वस्तीच्या गटात निघालं, आणि तिकडची बरीच गावं तशीच आहेत, तर घर ना-विकास क्षेत्रात पडेल. तिथे आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढवायचं नाही. वरचा मजला आणि तलाव हे नवं बांधकाम झालं. रेषा नेमकी कुठून जाते हे आपण पावलांनी मोजून ठरवायचं नसतं. किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर तुमचा गट क्रमांक शोधावा लागतो, आणि हे काम त्या विषयातल्या वास्तुविशारदाकडून करून घ्यावं. त्याची फी त्या निळ्या फरश्यांपेक्षा कमी असेल. मार्च २०१९ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरचा एक भलामोठा बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला, ते दृश्य तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. त्या मालकाची आणि तुमची काही तुलना नाही. नियम मात्र दोघांना तोच आहे.

तलावाचं मला कायद्यापेक्षाही जास्त वाटतं ते विहिरीमुळे. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय धरावी तसं. बेताने उपसलं तर साय टिकते. पंप लावून भराभर उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल एवढ्याशा तलावात साडेबावीस हजार लिटर पाणी मावतं. चार बेडरूमच्या न्हाणीघरांचं वेगळंच. एकदा विहीर मचूळ झाली की वाडी जाते, आणि तुमच्याबरोबर शेजाऱ्याचीही जाते. वादळानंतर लावलेली पोफळीची रोपं सहा-सात वर्षांनी आत्ता कुठे धरायला लागली असतील. वाडी 'साफ' करायची, असा शब्द आराखड्यात आला आहे, तो मला लागला. शहरातला माणूस एवढ्या लांब येतो तो त्या गार सावलीसाठी, पाटाच्या पाण्यासाठी. तलाव त्याच्या सोसायटीत असतो.

आता भावाबद्दल. 'तुला हवं ते कर' याला संमती म्हणत नाहीत, ताई. वैतागलेल्या माणसाचं ते वाक्य आहे. वडील गेले तेव्हा त्यांच्या हिश्श्याचे वारस तुम्ही, भाऊ आणि आई, तिघंही सारखे. घर आजोबांच्या नावावरून आलेलं असेल तर चिपळूणच्या आत्यांचाही प्रश्न येतो, कारण मुलगी वडिलांची वारस असते, हे १९५६ च्या कायद्यातच आहे. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं होतं का, हे फेरफार काढून बघा. सातबारा, आठ अ, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, जुने फेरफार एवढं सगळं हातात आल्याशिवाय एक चिराही हलवू नका. सामाईक घरावर तुम्ही एकट्याने ९० लाख घातले आणि पाच वर्षांनी भावाने किंवा उद्या त्याच्या मुलांनी वाटप मागितलं, तर तुमचा खर्च कुठल्या कागदावर दाखवाल?

भावाला हक्क सोड म्हणावं, असं मी सांगणार नाही. त्याला पैशांची गरज आहे का, ते एकदा शांतपणे विचारा. 'विकून टाकू' म्हणणाऱ्याच्या मागे कधी मुलांची फी असते, कधी आपण तिथे गेलो की वडिलांची आठवण सहन होत नाही, हे असतं. मग तिघांत एक साधा करार करून त्याची नोंदणी करा. कोणी किती घातले, उत्पन्नातून ते कसे परत घ्यायचे, उद्या विकायची वेळ आली तर आधी कोणाचे फेडायचे आणि पहिली संधी कोणाला, एवढंच त्यात असलं तरी पुरे. कागद झाला की बहिणीभावांतलं प्रेम आटतं, ही आपली समजूत मी अनेक घरांत खोटी ठरलेली पाहिली आहे. कागद नसल्याने आटलेलं प्रेम जास्त पाहिलं आहे.

आणि आई. तिची समजूत कशी घालू, असं तुम्ही विचारलंत. ती त्या घराची मालकीण आहे, कायद्यानेही आणि तिथे आयुष्य काढलेलं म्हणूनही. तिला विचारायचं असतं. तुम्ही तिचं वाक्य नीट उतरवून घेतलं आहे, पण वाचताना फक्त 'परक्यांना देऊ नका' हे ऐकलंत. दुरुस्त करा, असं ती आधी म्हणाली आहे. आणि शिमग्याचं म्हणाली आहे. होळीच्या दिवसांत सुट्ट्या जोडून येतात, भाडं दुप्पट मिळतं, म्हणजे पालखी दारात येईल तेव्हा ओटीवर कोणीतरी अनोळखी माणसं बसलेली असतील आणि ग्रामदेवीची ओटी भरायला घरची सून नसेल, हे तिला दिसतं आहे. तिचा आक्षेप हळवा नाही, नेमका आहे. तुमच्या हंगामाचे सगळे मोठे दिवस हे घराचेही मोठे दिवस आहेत.

याला तोड निघते. वर्षाचं कॅलेंडर आधी आईपुढे ठेवा. शिमग्याचे दिवस, गणपती, वडिलांची तिथी हे दिवस ती सांगेल तसे बंद. देवघर आणि त्याला लागून एक खोली कायम कुलपात, ती घरच्यांची. नंतर भाडं कितीही मिळत असलं तरी त्या दिवसांना हात लावायचा नाही. 'परके' म्हणजे तिच्या मनात कोण आहे, हेही विचारा. मला वाटतं, रात्रभर गाणी लावून धिंगाणा घालणारे तिला नको आहेत. दोन मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन आलेलं डोंबिवलीचं कुटुंब तिला कदाचित परकं वाटणारही नाही.

तर मी काय करीन ते सांगते. ३० लाखांतले निम्मे बाजूला ठेवीन, त्यांना हात लावणार नाही. उरलेल्या पंधरांत आहे त्याच जोत्यावर, आहे तेच घर राहण्याजोगं करीन: छप्पर, वायरिंग, दोन-तीन चांगली न्हाणीघरं, आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या. तिथल्या मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या, पंधरांत बसत नसेल तर खोल्या दोन करा. खोलीला ३,००० धरले, त्याच ७० रात्री धरल्या आणि खोल्या निम्म्याच भरल्या, तरी तीन लाखांच्या वर जातात. त्यातून माणसाचा पगार आणि दर वर्षीची शाकारणी निघते, आणि हप्ता नसतो. श्रीमंत व्हायला हे पुरणार नाही. घर उभं राहायला पुरेल.

पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करून घ्या. राज्याचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण जून २०२३ पासून आहे. महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला त्यात १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो, १२ टक्क्यांच्या आणि एकूण साडेचार लाखांच्या मर्यादेत, हप्ते वेळेवर भरले तर. कर्ज काढायचंच असेल तर त्या चौकटीतलं काढा. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, हेही लक्षात राहू द्या. घराचा विमा उतरवताना पाहुणे ठेवतो हे लपवू नका, नाहीतर पुढच्या वादळात दावा नाकारला जाईल.

बांधकामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पोळलेली मी आहे. अक्षीला माझ्या मावशीचं जांभ्याचं घर होतं. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी वर्गणी काढून ते 'नवं' केलं. ठेकेदाराने चुन्याचा जुना गिलावा खरवडून भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर चकचकीत रंग दिला. दिवाळीला घर नव्या नवरीसारखं दिसत होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतींना फोड आले, लोणा फुटला, हात लावला की प्लास्टर भसाभस पडायचं. जांभा पाणी पितो आणि सोडतो. चुना त्याला सोडू देतो. सिमेंटने आम्ही त्याचं तोंड बांधलं होतं, आणि आत अडकलेलं खारं पाणी रंगासकट बाहेर आलं. मावशी काही बोलली नाही, रोज सकाळी पडलेला चुरा झाडून काढायची. ते अजून आठवतं. म्हणून तुमच्या भिंतींना चुनाच द्या. चुन्याचं काम जाणणारा गवंडी तालुक्यात मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा.

छप्पर उतरवाल तेव्हा प्रत्येक वासा, तुळई, खांब खडूने नंबर घालून बाजूला रचून ठेवा आणि सुताराला एकेक ठोकून बघायला सांगा. वाळवीने खाल्लेले निघतीलच, पण जुनं सागवान आणि ऐन बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत पुष्कळदा धड असतं. पाडकामात निघालेलं लाकूड आणि कौलं मालकाची, हे करारात लिहून घ्या. नाहीतर ते ट्रकमध्ये चढतं आणि तुमच्याच डोळ्यांसमोर जुन्या लाकडाच्या बाजारात जातं. नवं छप्पर घालताना वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडून घ्या, कडेच्या कौलांच्या ओळी तारेने बांधा. जिथे काँक्रीट लागेल तिथे समुद्राची वाळू आणि मचूळ पाणी येता कामा नये. मिठामुळे आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅब फोडून बाहेर येते. बिजागऱ्या-कड्या पितळी घ्या, किंवा स्टीलमध्ये ३१६ ग्रेड मागा, ३०४ समुद्राकाठी टिकत नाही. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट लांब. विहिरीला जाळी, कारण पाहुण्यांबरोबर लहान मुलं येतील. आणि ओटीवर भरती-ओहोटीच्या वेळा रोज लिहिणारा एक फळा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शहरातून आलेल्याला ते माहीत नसतं आणि तो ओहोटीत पोहायला उतरतो.

घर चालवायला एखाद्या कंपनीला द्यावं का, असं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं आहे. देता येतं. पण मग करार नोंदवा, मुदत कमी ठेवा, आणि आईचे दिवस त्यात तारखांसह लिहा. भावाला खरंच निकड असेल आणि तुमच्यात त्याचा हिस्सा घेण्याची ताकद नसेल, तर विकणंही पाप नाही. फक्त पुलांच्या, रस्त्यांच्या बातम्या ऐकून दारात आलेल्या पहिल्या दलालाला देऊ नका.

त्या पहिल्या प्रश्नाकडे परत येते. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तुम्ही ती लिहून पुढे गेलात. शेजारच्या काकू नऊ वर्षं रोज तिन्हीसांजेला तुमच्या ओटीवर दिवा लावतात, आणि त्यांची सून गावातल्या खाणावळीत घावणे-भाकऱ्या करायला जाते. ताई, जुलैच्या रात्री घरापाशी असणारी माणसं तुमच्याकडे आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही, आणि नऊ वर्षांत कोणी काही दिलंही नसावं.

शिमग्याला अजून पाच आठवडे आहेत. आईला घेऊन जा, भावाला बोलवा. पाच दिवस त्या गळक्या घरातच राहा, पत्र्याखालच्या बाजूला झोपा. रात्री काय लागलं, सकाळी काय नव्हतं, ते एका वहीत लिहा. तुमचा खरा आराखडा त्या वहीतून निघेल. पालखी येऊन गेली की काकूंना आणि त्यांच्या सुनेला ओटीवर बसवा, चहा तुम्ही करा. घर रोज उघडायचं, झाडायचं, पाहुणे आले तर त्यांचं जेवण करायचं, याचे महिन्याला किती घ्याल, हे त्यांनाच विचारा. पाहुणे नसतील त्या महिन्यांतही पगार चालू राहील, हे आधी सांगा. सून हो म्हणाली तर पहिली दुरुस्ती चुलीची करा, म्हणजे मे उजाडायच्या आत घरात धूर होईल. ती नाही म्हणाली तर आराखडा गुंडाळून ठेवा, यंदा फक्त छप्पर करा, आणि मला पुन्हा लिहा.